एक लाइन गेली तर? ग्रीडची एन-१ तपासणी करताना

लोड डिस्पॅच सेंटरला (वीज ग्रीडचं नियंत्रण केंद्र) नव्याने रुजू झालेली मुलंमुली हमखास विचारतात, "मॅडम, कंटिंजन्सी रन कसा मारायचा?" कंटिंजन्सी म्हणजे ग्रीडमधलं काहीतरी अचानक बंद पडणं, आणि रन म्हणजे ते संगणकावर पाडून बघणं. बटण दाखवायला दोन मिनिटं पुरतात. आपण कुठल्या ग्रीडवर रन मारतोय आणि नेमकं काय पाडून बघतोय, हे उमगायला मात्र काही महिने जातात, कारण ते सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये नसतं. तेवढंच इथे लिहिते आहे. लोडफ्लो, म्हणजे कुठल्या लाइनवर किती वीज आणि कुठे किती व्होल्टेज याचं गणित, तुम्हाला ठाऊक आहे, असं धरून चालते.

प्रश्न साधा आहे. आत्ता सगळं ठीक चाललंय. फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात आहे, ४०० केव्हीच्या बसवर (उपकेंद्रात सगळ्या लाइन जिथे जोडतात तो वाहक) ३८० ते ४२० केव्ही दिसतंय, स्क्रीनवर एकही लाइन लाल नाही. अशा वेळी एखादी लाइन, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर किंवा एचव्हीडीसीचा (उच्च दाबाच्या डीसी लाइनचा) एक पोल पुढच्या सेकंदाला गेला, तर कुणाचंही लोड न काढता बाकीचं सगळं मर्यादेत राहील का? हीच एन-१ तपासणी. एन म्हणजे आत्ता चालू असलेले सगळे घटक. 'आत्ता चालू असलेले' या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवा.

आधी स्नॅपशॉटवर संशय घ्या

रन मारण्याआधी माझी निम्मी शक्ती बेस केसवर, म्हणजे ज्या चित्रावर रन मारायचा त्यावर, जाते, आणि ती तिथेच जायला हवी. स्काडावर (उपकेंद्रांतली मोजमापं केंद्रात आणणारी यंत्रणा) येणारा डेटा स्टेट एस्टिमेटर गाळून घेतो आणि त्यातून ग्रीडचं आत्ताचं चित्र उभं करतो. हे चित्र चुकलं असेल तर पुढे हजार कंटिंजन्सी बिनचूक सोडवल्या तरी त्या दुसऱ्याच कुठल्यातरी ग्रीडच्या असतात.

याचं सर्वांत मोठं उदाहरण १४ ऑगस्ट २००३ चं. त्या दिवशी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातला ऑन्टॅरिओ मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. दुपारी ओहायोच्या आजूबाजूच्या ग्रीडवर नजर ठेवणाऱ्या केंद्रातला स्टेट एस्टिमेटर जुळेनासा झाला, कारण इंडियानातली एक २३० केव्ही लाइन सुटल्याची खबर त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. तिथल्या विश्लेषकाने दर पाच मिनिटांनी आपोआप होणारा रन थांबवला, दोष शोधून दुरुस्त केला आणि तो जेवायला गेला. ऑटो रन पुन्हा चालू करायचा राहून गेला. ते लक्षात येऊन रन चालू केला, तोवर स्टुअर्ट-अटलांटा ही ३४५ केव्ही लाइन ट्रिप झाली होती (हे अटलांटा ओहायोतलं) आणि मॉडेलला त्याचाही पत्ता नव्हता. पुन्हा चित्र जुळेना. क्लीव्हलंडच्या आसपासच्या तीन लाइन एकामागून एक पडत होत्या तेव्हा एन-१ तपासणीचं यंत्र जागेवर होतं, माणसंही होती, पण चालू चित्रच नव्हतं.

म्हणून रन मारण्याआधी काही गोष्टी डोळ्यांखालून घाला. शेवटचा यशस्वी एस्टिमेट किती वाजताचा आहे? स्क्रीनच्या कोपऱ्यातली ही वेळ कुणी बघत नाही. मग एकेका मोठ्या बसवर आत येणारे आणि बाहेर जाणारे मेगावॉट मिळवून बघा, बेरीज शून्याच्या आसपास हवी. लाइनच्या दोन्ही टोकांचे ब्रेकर क्लोज आणि फ्लो मात्र शून्य, असं दिसलं तर काहीतरी खोटं आहे. एका टोकाला १८० आणि दुसऱ्या टोकाला १४० दिसत असतील तर मधले ४० मेगावॉट कावळ्याने नेलेले नसतात, ट्रान्सड्यूसर बिघडलेला असतो.

सर्वांत जास्त फसवतो तो बसकपलर, म्हणजे दोन बस जोडणारा ब्रेकर. एका उपकेंद्रात ३१५ एमव्हीएच्या दोन आयसीटी (४०० आणि २२० केव्ही जोडणारे ट्रान्सफॉर्मर) शेजारीशेजारी, इंपीडन्स सारखा, टॅप सारखा. स्काडावर एकीवर २१० मेगावॉट, दुसरीवर १३५. २२० च्या बाजूचा कपलर स्क्रीनवर क्लोज. कपलर खरंच क्लोज असता तर दोघींनी लोड निम्मंनिम्मं वाटून घेतलं असतं. फोन लावला. पलीकडचा ऑपरेटर म्हणाला, "कपलर तर परवापासनं ओपन आहे मॅडम. आयसोलेटरवर हॉट स्पॉट आलाय, म्हणून बस स्प्लिट करून ठेवलीय." स्टेटस पाठवणारा पॉइंट अडकला होता, आणि एस्टिमेटर ते २१० आणि १३५ मोजमापातली चूक समजून सपाट करत होता.

याने काय बिघडतं ते बघा. कपलर क्लोज धरला तर एक आयसीटी पडल्यावर दुसरीवर ३४५ मेगावॉट येणार, म्हणजे सुमारे ११० टक्के. थोडा ओव्हरलोड, तोही काही वेळ निभणारा. प्रत्यक्षात बस स्प्लिट आहे आणि त्या बसला दुसरा सोर्स नाही. म्हणजे पहिली आयसीटी पडली की २१० मेगावॉट थेट अंधारात. रिपोर्टमध्ये ११० टक्के, गावात ब्लॅकआउट. कुठल्याही दोन समांतर घटकांवर न पटणारी वाटणी दिसली की आधी फोन, मग रन.

काय पाडायचं, त्याची यादी

सॉफ्टवेअरला 'सगळे घटक एकेक करून पाड' असं सांगितलं की ते इमानेइतबारे मॉडेलमधली एकेक फांदी काढतं. फॉल्ट फांद्या मोजून येत नाही. एका फॉल्टने जेवढे ब्रेकर उघडतील तेवढं सगळं एकदम जातं, आणि तेवढं सगळं मिळून एक कंटिंजन्सी धरायची.

त्यामुळे यादी करायला सिंगल लाइन डायग्राम समोर हवा. डबल मेन (दोन मुख्य बस) असलेल्या उपकेंद्रात बस-१ वर फॉल्ट आला तर बसबार प्रोटेक्शन त्या बसवरचं सगळं सोडवेल. आज बस-१ वर कोण कोण आहे? हे रोज बदलतं, कारण मेंटेनन्ससाठी फीडर एका बसवरून दुसऱ्या बसवर घेतात. एखाद्या लाइनवर फॉल्ट आला आणि तिचा ब्रेकर अडकला, तर एलबीबी (अडकलेल्या ब्रेकरच्या आजूबाजूचे ब्रेकर उघडणारं प्रोटेक्शन) चालून पुन्हा सगळी बस जाणार. दीड ब्रेकर पद्धतीत (दोन फीडरमागे तीन ब्रेकर) बस फॉल्टने एकही लाइन जात नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण तिथे मधला टाय ब्रेकर अडकला तर त्याच डायामधला (तीन ब्रेकरांच्या त्याच रांगेतला) शेजारचा फीडरही जातो. लाइन आणि आयसीटी एकाच डायात बसवलेल्या असतील तर ही जोडी यादीत वेगळी लिहा.

एका टॉवरवरची दोन सर्किटं ही पुढची जोडी. वादळात टॉवर पडला तर दोन्ही जातात. मुंबईसारख्या ठिकाणी कॉरिडॉरला जागाच उरलेली नाही, तिथे एका टॉवरवर दोनाहून जास्त सर्किटं असतात. त्यावर खास लक्ष ठेवा. एक लाइन दुसरीवरून ओलांडून जाते ती जागाही बघा, वरचा कंडक्टर तुटला तर खालच्या लाइनवर पडेल.

ऋतूही यादीत येतो. पश्चिम महाराष्ट्रात तोडणीनंतर शेतात उसाचं पाचट पेटवतात. ज्वाळा आणि धूर लाइनखाली आले की फ्लॅशओव्हर होतो, आणि शेजारून जाणाऱ्या दोन लाइन काही मिनिटांच्या अंतराने जाऊ शकतात. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने त्या दोन लाइनचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो. ते तुम्हालाच सांगावं लागतं.

एचव्हीडीसी असेल तर एक पोल ही एक कंटिंजन्सी आणि दोन्ही पोल ही दुसरी. चंद्रपूर-पडघे बायपोल १५०० मेगावॉटचा आहे. पूर्ण लोडवर असताना एक पोल गेला तर ७५० मेगावॉट विदर्भातून पश्चिमेकडे येणाऱ्या एसी लाइनवर जाऊन पडतात. उलट एखादी एसी लाइन गेली, तर एचव्हीडीसी कंट्रोलने धरून ठेवलेला असल्यामुळे आपणहून मदतीला येत नाही. मॉडेलमध्ये तो साधी लाइन म्हणून टाकलेला असेल तर उत्तर गोड येतं आणि खोटं येतं.

मग सगळ्याच जोड्या का पाडू नयेत? ५०० घटक असतील तर जोड्या १,२४,७५० होतात. रात्रभर प्लॅनिंगचा अभ्यास चालवायचा असेल तर चालवा, पण शिफ्टमध्ये दर पाच-दहा मिनिटांनी उत्तर हवं असतं. ज्या जोड्यांना एकत्र पडायचं खरं कारण आहे, तेवढ्याच ठेवा. जनरेटरची ट्रिपिंगही ठेवा, पण जरा तारतम्याने. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाइनने दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या देशाला जोडलं, तेव्हापासून अख्खा भारत एका फ्रिक्वेन्सीवर आहे, आणि ६६० मेगावॉटचा एक संच गेला तर फ्रिक्वेन्सी जेमतेम हलते. पण तोच संच गेल्यावर ते मेगावॉट कुठल्या लाइनवरून येतील, हे बघावंच लागतं.

मर्यादा नेमकी कुणाची?

लाइनची क्षमता म्हणून मॉडेलमध्ये जो आकडा बसलाय तो कुठून आला, हे एकदा तरी विचारा. बहुतेक वेळा तो कंडक्टरचा असतो. पण करंट कंडक्टरमधून जातो तसा वेव्ह ट्रॅपमधून, आयसोलेटरमधून, सीटीमधून (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) आणि जंपरमधूनही जातो. यातलं सगळ्यांत अशक्त जे असेल ती खरी मर्यादा. कंडक्टर बदलून जास्त क्षमतेचा टाकला आणि सीटी जुनीच राहिली, असं होतं. शिवाय कंडक्टरचा आकडा हवेच्या तापमानावर बेतलेला असतो. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यातली दुपार आणि डिसेंबरमधली पहाट यांना एकच रेटिंग लावलं तर एकीकडे धोका आणि दुसरीकडे नुकसान. आणि खालची झाडं कापलेली नसतील तर रेटिंगला काही अर्थ उरत नाही. २००३ मध्ये त्या तीनपैकी पहिली लाइन क्षमतेच्या अवघ्या ४४ टक्क्यांवर असताना झाडाला टेकून गेली.

आणखी एक मर्यादा कुठल्याच नेमप्लेटवर नसते, ती रिलेमध्ये लपलेली असते. डिस्टन्स रिले इंपीडन्स कमी दिसला की फॉल्ट समजतो, आणि त्याला दिसणारा इंपीडन्स म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले एमव्हीए. ४०० केव्ही आणि १००० एमव्हीए असेल तर १६० ओहम. व्होल्टेज ३७० वर आलं आणि लोड १४०० झालं, तर ९८ ओहम. झोन-३ ची (रिलेच्या सर्वांत लांबवर बघणाऱ्या बॅकअप टप्प्याची) पोहोच तिथवर असेल तर रिले लोडलाच फॉल्ट समजून लाइन सोडवतो. ३० जुलै २०१२ च्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी हेच झालं. बिना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइनचं एक सर्किट ७६५ केव्हीच्या कामासाठी बंद होतं. उरलेल्या सर्किटवर भरमसाट लोड आणि व्होल्टेज खाली. लाइनवर फॉल्ट नसताना झोन-३ ने ती सोडवली आणि उत्तर भारताचं ग्रीड कोसळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला पुन्हा तीच लाइन गेली, आणि या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रीडं गेली, सुमारे ४८,००० मेगावॉट. आणि हा दोष नवा नव्हता. नोव्हेंबर १९६५ मध्ये नायगाऱ्याकाठच्या बेक वीजगृहातून निघणाऱ्या २३० केव्ही लाइनच्या बॅकअप रिलेने असंच लोडला फॉल्ट ठरवलं होतं, आणि न्यूयॉर्कपर्यंत अंधार झाला होता.

तेव्हा एन-१ चा रिझल्ट आला की प्रत्येक भरलेल्या लाइनसाठी टक्केवारीसोबत हा इंपीडन्सही काढा आणि झोन-३ च्या सेटिंगशी ताडून बघा. प्रोटेक्शनवाल्यांकडून सेटिंगची शीट मागताना 'तुम्हाला कशाला हवी' असं ऐकावं लागेल. मागाच.

हिशेब, आधी कागदावर

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हा छोटा हिशेब करून बघा. उपकेंद्र 'अ' पासून उपकेंद्र 'ब' कडे ५०० मेगावॉट जातायत. दोघांमध्ये दोन समांतर लाइन आहेत, प्रत्येकीचा रिअ‍ॅक्टन्स क्ष. तिसरा रस्ता 'क' वरून, लांबचा, त्याचा रिअ‍ॅक्टन्स दोन क्ष. फ्लो रिअ‍ॅक्टन्सच्या उलट प्रमाणात वाटला जातो: १, १ आणि ०.५. म्हणजे दोन लाइनवर २००-२०० आणि 'क' च्या रस्त्यावर १००.

आता लाइन-१ पाडा. उरले १ आणि ०.५. लाइन-२ वर ३३३ आणि 'क' वर १६७. म्हणजे गेलेल्या २०० पैकी दोन तृतीयांश शेजारणीवर आले आणि एक तृतीयांश लांबच्या रस्त्यावर. या ०.६७ आणि ०.३३ ला लाइन आउटेज डिस्ट्रिब्यूशन फॅक्टर म्हणतात, बोलताना एलओडीएफ. ग्रीडची जोडणी बदलत नाही तोवर हे फॅक्टर बदलत नाहीत. एकदा काढून ठेवले की प्रत्येक आउटेजनंतरचा फ्लो एका गुणाकारात आणि एका बेरजेत मिळतो. हजारो कंटिंजन्सी सेकंदात चाळल्या जातात त्या अशाच.

लाइनची क्षमता ३५० आणि 'क' च्या रस्त्याची २५० असेल तर हे ग्रीड एन-१ सुरक्षित आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ट्रान्सफॉर्मरचं गणित याहून सोपं असूनही तिथेच जास्त गफलत होते. ३१५ एमव्हीएच्या दोन आणि ५०० ची एक अशा तीन आयसीटी आहेत, टक्के इंपीडन्स सारखा. बेरीज ११३०. लोड ९०० असेल तर सगळे खूश, ८० टक्केच तर भरलंय! ३१५ ची एक गेली तर उरलेल्या दोघी ११० टक्क्यांवर. ५०० ची गेली तर दोन्ही ३१५ वर प्रत्येकी ४५०, म्हणजे १४३ टक्के. या उपकेंद्राची भरवशाची क्षमता ६३० आहे, ११३० नव्हे. सर्वांत मोठी वजा करा आणि मग बोला. नव्या लोडची मंजुरी मागणाऱ्या कागदांवर मात्र मला ११३० च लिहिलेले दिसतात.

फॅक्टरने चाळल्यावर सॉफ्टवेअर कंटिंजन्सींना क्रमांक लावतं. त्यासाठी प्रत्येक लाइनच्या लोडिंगचा वर्ग करून बेरीज करायची जुनी रीत आहे, आणि ती दगा देते. एका कंटिंजन्सीत पाच लाइन ९० टक्क्यांवर, बेरीज ४.०५. दुसरीत एक लाइन १३० टक्क्यांवर आणि चार ५० वर, बेरीज २.६९. जिच्यात एकही उल्लंघन नाही ती वर, आणि जिच्यात लाइन जळायला टेकलीय ती खाली! वर्गाऐवजी आठवा घात घ्या: पहिलीची बेरीज २.१५ आणि दुसरीची ८.१७. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हा घातांक कुठे बदलतात ते शोधून ठेवा.

सरावासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. पॅंडापॉवर आणि मॅटपॉवर दोन्ही फुकट मिळतात आणि आयईईईची ३० बसची केस त्यात तयार असते. एक लूप लावा: लाइन काढा, लोडफ्लो चालवा, सर्वांत भरलेली लाइन आणि सर्वांत कमी व्होल्टेज नोंदवा, लाइन परत लावा. शेवटचं पाऊल विसरलात तर दहाव्या फेरीत दहा लाइन गायब असतील.

व्होल्टेज या गाळणीत दिसत नाही

वरचे फॅक्टर फक्त मेगावॉटचे आहेत. रिअ‍ॅक्टिव्ह (व्होल्टेज टिकवणारी, एमव्हीएआरमध्ये मोजली जाणारी पॉवर) त्यात नाहीच, आणि लांब लाइनवर घात होतो तो तिथून.

२०० किलोमीटरची ४०० केव्ही डबल सर्किट लाइन घ्या, ट्विन मूज कंडक्टर. रिअ‍ॅक्टन्स सुमारे ६६ ओहम. एका सर्किटवर ४०० मेगावॉट असतील तर करंट ५७७ अँपिअर आणि लाइन स्वतः ६६ एमव्हीएआर खाते. पण लाइनचं चार्जिंग किलोमीटरला साधारण ०.५५ एमव्हीएआर, म्हणजे सर्किटमागे ११० देते. दोन्ही मिळून हिशेब: २२० दिले, १३२ खाल्ले, ८८ शिल्लक. आता एक सर्किट गेलं आणि उरलेल्यावर ८०० मेगावॉट आले. करंट दुप्पट, खाणं चौपट: २६४. देणं मात्र एकाच सर्किटचं, ११०. शिल्लक उणे १५४. एका फटक्यात २४२ एमव्हीएआरची तफावत, आणि ती भरायची पलीकडच्या जनरेटरने नाहीतर कपॅसिटर बँकेने. व्होल्टेज पडलं की करंट आणखी वाढतो, कपॅसिटर मात्र व्होल्टेजच्या वर्गाने कमी देतो.

म्हणून चाळणीतून आलेल्या वरच्या कंटिंजन्सींना आणि प्रत्येक लांब लाइनला पूर्ण एसी लोडफ्लोमधून काढा, फॅक्टर काहीही म्हणोत. जनरेटरच्या रिअ‍ॅक्टिव्ह मर्यादा चालू ठेवा. त्या बंद असतील तर सॉफ्टवेअर हवेतून एमव्हीएआर आणतं. टॅप चेंजर (ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज कमीजास्त करणारा) सुरुवातीला गोठवून ठेवा, कारण लाइन पडल्यावर पहिल्या काही सेकंदांत टॅप हलत नाही. मग टॅप मोकळे करून पुन्हा बघा. कधीकधी दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा वाईट येतं, कारण खालच्या बाजूचं व्होल्टेज सावरताना टॅप वरच्या ग्रीडमधून आणखी ओढतो.

आणि लोडफ्लो जुळलाच नाही तर? ती केस 'एरर' म्हणून बाजूला टाकू नका. मॉडेलमध्ये चूक नसेल तर न जुळणं हेच उत्तर असू शकतं. ते लोड पुरवता येईल अशी स्थितीच अस्तित्वात नाही, असा त्याचा अर्थ होतो. अशा केसेस यादीत सर्वांत वर.

स्थिरतेची तपासणी हा वेगळा अभ्यास आहे. एवढंच सांगते की ४०० केव्हीवरचा फॉल्ट १०० मिलिसेकंदांत आणि २२० वरचा १६० मिलिसेकंदांत सुटेल असं धरलेलं असतं. एलबीबीने सुटला तर याहून वेळ लागतो, आणि मोठ्या वीजगृहाजवळ तेवढा वेळ महागात पडू शकतो.

परमिट दिलं की सगळं नव्याने

आता त्या 'अ-ब' ग्रीडकडे परत येऊ. लाइन-१ वर मेंटेनन्सचं परमिट मागितलंय. सकाळचा रिपोर्ट म्हणतो, लाइन-१ गेली तरी सगळं मर्यादेत. मग द्या परमिट?

लाइन-१ बाहेर काढली की ती एन मध्ये उरलीच नाही. आता लाइन-२ पाडून बघा: ५०० च्या ५०० मेगावॉट 'क' वरून, क्षमता २५०. दुप्पट. सकाळी सुरक्षित असलेलं ग्रीड परमिट दिल्याक्षणी असुरक्षित झालं, आणि स्क्रीनवर मात्र एकही लाइन लाल नाही. परमिट द्यायचं तर 'अ' कडून 'ब' कडे जाणारे मेगावॉट आधी २५० वर आणा, म्हणजे 'ब' च्या बाजूची निर्मिती २५० ने वाढवा. ते जमत नसेल तर एसपीएस लावा, म्हणजे लाइन-२ सुटताच 'ब' कडचं ठरलेलं लोड आपोआप निघेल. तेही नसेल तर परमिट रात्रीवर ढकला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या ट्रान्समिशन प्लॅनिंगच्या निकषांत एन-१-१ (एक घटक आधीच बाहेर असताना दुसरा गेला तर) आहे तो याचसाठी.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई गेली ती याच वाटेने. मुंबईला बाहेरून वीज आणणाऱ्या ४०० केव्ही लाइनपैकी काही आधीच वेगवेगळ्या कारणांनी बाहेर होत्या. सकाळी दहाच्या सुमारास पडघे-कळव्याची उरलेली वाटही तुटली, आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. आयलंडिंग करून शहर वेगळं काढण्याची योजना होती, पण त्या दिवशी बेट टिकलं नाही. एकेक आउटेज सुटा घेतला तर रोजचाच. प्रत्येक आउटेजनंतर मुंबईच्या आतली निर्मिती किती आहे आणि आता पुढची कुठली लाइन गेली तर काय, हा प्रश्न नव्याने विचारायला हवा होता. मुंबईसारख्या ठिकाणी ट्रॉम्बे, उरण, डहाणूचे किती संच चालू आहेत हा आकडा मेरिट ऑर्डरच्या (स्वस्त वीज आधी, या क्रमाच्या) तक्त्यात महाग वाटतो, पण एन-१ तपासणीत तोच उत्तर असतो. बेटाची तपासणीही वेगळी करा. बेटात आतली निर्मिती किती आणि लोड किती हे आज, या तासाला मोजा, योजना मंजूर झाली त्या वर्षीचे आकडे घेऊ नका.

नियम असा ठेवा: स्वतःहून काढलेला असो की ट्रिप झालेला, मोठा घटक बाहेर गेला की पाच मिनिटांचा ऑटो रन यायची वाट न बघता हाताने रन मारा.

शिफ्टला काय द्यायचं

चाळीस पानांचा प्रिंटआउट कुणी वाचत नाही. मी पाच-सहा ओळी देते, आणि प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: काय गेलं तर, काय होईल, आणि किती मिनिटांत काय करायचं. 'लाइन-२ गेली तर 'क' चा रस्ता १४० टक्के, झोन-३ च्या जवळ. १० मिनिटांत कोयनेतून उत्पादन वाढवा. ते नाही मिळालं तर 'ब' चे फलाणे चार फीडर काढा.' जलविद्युत हाताशी असेल तर आउटेजनंतर कृती करायला वाव असतो, कारण कोयनेसारखा संच मिनिटांत लोड घेतो. औष्णिक संचाला हे मागू नका, तिथे आधीच तयारी हवी. ओव्हरलोड किती वेळ चालतो तेही लिहा. ट्रान्सफॉर्मरचं तेल तापायला वेळ लागतो, रिलेला लागत नाही.

एखाद्या कंटिंजन्सीत कुणी १३० टक्क्यांच्या वर जात असेल तर तो घटकही पाडा आणि पुन्हा रन मारा. तिसऱ्या-चौथ्या पायरीला सगळं थांबत असेल तर निदान कुठे थांबतं ते कळेल. थांबतच नसेल, तर फोन तुम्ही उचलायचा, आणि लगेच.

आणि एखादी लाइन खरोखर ट्रिप झाली की त्या दिवशीचं काम संपल्यावर तिच्या आधीच्या रनमधला अंदाज काढा आणि स्काडाच्या नोंदीशी ताडा. शेजारच्या लाइनवर ३३३ येतील असं म्हटलं होतं आणि ३३० आले, तर ठीक. २९० आले असतील तर मॉडेलमध्ये एखादा रस्ता जास्त आहे किंवा कमी. तो सापडेपर्यंत शोधा. बहुधा एखादा कपलर असतो, नाहीतर अजून मॉडेलमध्ये न चढलेली नवी २२० ची लाइन.